आयते की आपल्या हातचे?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की कल्याणपासून कसाऱ्यापर्यंतच्या पुष्कळ घरांत हल्ली एक वाद रंगतो. मुलाला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा असतो. त्याच यंत्रावर पुढे अभ्यासही होणार, म्हणून आई-वडील कुरकुरत का होईना, तयार होतात. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर. दुकानातून बांधलेला, हमीपत्रासह मिळणारा तयार संच घ्यायचा, की प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय असे एकेक भाग आणून घरीच जुळवायचा? मागच्या पिढीत हाच प्रश्न ब्रँडेड की असेम्बल्ड अशा शब्दांत विचारला जाई. त्यासाठी खडवलीहून निघायचे, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून दिवसभर पायपीट करायची, हा कार्यक्रम अनेक बापलेकांनी केलेला आहे. आता भाग घरपोच येतात, पण प्रश्न तोच आहे.

हा वाद बहुधा पैशांच्या हिशेबावर येऊन थांबतो. कशात चार हजार वाचतील, एवढेच पाहिले जाते. पण सत्तर वर्षांपूर्वी याच मुंबईत एका माणसाला हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला होता, आणि त्याने तो निव्वळ पैशांचा मानला नाही. होमी भाभा हे नाव आपल्याला अणुशक्तीमुळे ठाऊक आहे. देशातला पहिला स्वदेशी बनावटीचा इलेक्ट्रॉनिक संगणकही त्यांच्याच छत्राखाली उभा राहिला, हे मात्र घरोघरी फारसे कुणाला आठवत नाही. आयते घ्यावे की आपल्या हाताने करावे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आला आणि दर वेळी त्याचे उत्तर एकच आले नाही.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन, सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील वकील. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात पुस्तकांची कपाटे भरलेली आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा मोठा संग्रह. लहानग्या होमीला मेकॅनोचे वेड होते. भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट यांचा तो खेळ. सोबत एक पुस्तिका येई आणि तीत पाहून मुले पूल, क्रेन, मोटार बनवीत. होमी मात्र पुस्तिका बाजूला ठेवी आणि स्वतःच्या डोक्यातले काहीतरी जोडत बसे.

घराण्याने त्याच्यासाठी आयुष्यही जवळजवळ तयार करून ठेवले होते. केंब्रिजला जायचे, यंत्र अभियांत्रिकी शिकायची आणि परत येऊन जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचे. १९२७ मध्ये मुलगा केंब्रिजला गेला खरा, पण तिथे त्याचे मन गणितात आणि भौतिकशास्त्रात गुंतले. त्याने घरी तसे कळवले. वडिलांनी मार्ग काढला. आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवायचा, मग गणिताच्या शिक्षणाचा खर्च ते करतील. १९३० मध्ये होमीने पहिला वर्ग मिळवून दाखवला. वडिलांनीही शब्द पाळला आणि जमशेदपूरची खुर्ची रिकामीच राहिली.

पुढची काही वर्षे युरोपात मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या सहवासात गेली. विश्वकिरण वातावरणात शिरल्यावर कणांचा जो वर्षाव होतो, त्याचे गणित १९३७ मध्ये भाभा आणि हाइटलर यांनी मांडले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीच्या एका प्रकाराला आजही जगभर भाभांचेच नाव आहे. १९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाल्याने परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, रामन यांच्या विभागात त्यांनी काम सुरू केले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपताच परदेशातल्या सुसज्ज प्रयोगशाळेत परतणे त्यांना सहज शक्य होते. देशातल्या नावाजलेल्या संस्थांकडूनही बोलावणी आली होती. त्यांनी वेगळेच ठरवले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची नवी संस्था मागितली. काही दशकांनी अणुशक्ती वापरात येईल, तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला बाहेर पाहावे लागू नये, अशी त्यामागची दृष्टी होती. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्याच्या अर्ध्या भागात आली. याच बंगल्यात भाभांचा जन्म झाला होता.

आता संगणकाकडे येऊ. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर देशात या यंत्राची गरज दोन ठिकाणी तीव्रतेने जाणवत होती. एक कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आणि दुसरी मुंबईची ही संस्था. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यापुढे राष्ट्रीय पाहण्यांच्या आणि पंचवार्षिक योजनेच्या आकड्यांचे ढीग साचलेले होते. त्यांना थांबायला सवड नव्हती. त्यांनी १९५५ मध्ये इंग्लंडहून ‘एचईसी-२एम’ नावाचा तयार संगणक आणवला आणि पुढच्याच वर्षी तो कामाला लागला. भारतात आलेला हा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक. काम दाराशी खोळंबले असताना आयते यंत्र घेण्याचा तो निर्णय अगदी व्यवहारी होता.

मुंबईत भाभांनी दुसरी वाट धरली. अमेरिकेत गणितात डॉक्टरेट करून आलेले आर. नरसिंहन १९५४ मध्ये संस्थेत दाखल झाले. त्यांच्याभोवती मोजक्याच तरुणांचा गट जमला. ही मंडळी भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली होती, पण संगणक बांधण्याच्या कामात नवशिकीच. त्यांनी थेट मोठ्या यंत्राला हात घातला नाही. १९५५ मध्ये आधी एक छोटे, चाचणीपुरते यंत्र बांधायला घेतले आणि १९५६ च्या अखेरीस ते चालू करून दाखवले. चुका करायच्या त्या या यंत्रावर, असा त्यामागचा विचार. त्यानंतरच १९५७ मध्ये मोठ्या यंत्राचे काम सुरू झाले. ते पुरे व्हायला १९६० साल उजाडले.

हे यंत्र अठरा फूट लांब, आठ फूट उंच आणि अडीच फूट खोल अशा पोलादी सांगाड्यात बसवले होते. आत २७०० व्हॉल्व्ह, १७०० डायोड आणि १२५०० रेझिस्टर होते. स्मरणशक्ती मात्र केवढी? प्रत्येकी चाळीस अंकांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दहा किलोबाइट. आपल्या खिशातल्या फोनवर काढलेला साधा फोटो याच्या शेकडो पट जागा घेतो. आज्ञा द्यायच्या त्या शून्य आणि एक या दोनच अंकांत. मात्र एक सोय आजच्या गेम खेळणाऱ्या मुलांनाही आवडली असती. उत्तरे आकृत्यांच्या आणि अक्षरांच्या रूपात पाहता यावीत म्हणून या गटाने यंत्राला चित्रनळीचा पडदाही जोडला होता. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते संस्थेच्या कुलाब्याच्या वास्तूचे उद्‌घाटन झाले, त्या वेळी त्यांनी या यंत्राचे नाव ठेवले ‘टिफ्रॅक’.

कौतुकाच्या भरात या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही. टिफ्रॅक कामाला लागला तोवर जगात व्हॉल्व्हचे दिवस सरले होते आणि ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक बाजारात आले होते. पाच वर्षे खपून केलेली वस्तू पहिल्याच दिवशी एक पिढी जुनी ठरली. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर यंत्र वापरात येण्याआधीच त्याच्यावर घसारा लागला. चार-पाच वर्षांतच ते निवृत्त झाले. निव्वळ यंत्राच्या किमतीकडे पाहणारा कुणीही हा व्यवहार आतबट्ट्याचाच म्हणेल.

यानंतर भाभांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. स्वदेशीचा हट्ट धरून दुसरा, तिसरा टिफ्रॅक बांधत बसावे, असे त्यांनी केले नाही. संस्थेची गणिते वाढली होती आणि देशभरातल्या संशोधकांना मोठे यंत्र हवे होते. १९६४ मध्ये अमेरिकेच्या कंट्रोल डेटा कंपनीचा ‘सीडीसी ३६००’ हा त्या काळचा बलाढ्य संगणक तयार स्वरूपात संस्थेत आला. पण तोवर संस्थेत एका यंत्राचा टाका न्‌ टाका स्वतः घातलेली माणसे होती. नवे यंत्र त्यांच्या दृष्टीने बंद पेटी राहिले नाही. त्यावर देशातल्या संगणकतज्ज्ञांची एक पिढी शिकली.

अणुभट्ट्यांच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ही पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. तिची रचना आणि बांधणी इथल्या माणसांनी केली, इंधन तेवढे ब्रिटनकडून घेतले. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. पुढची ‘सायरस’ कॅनडाच्या मदतीने १९६० मध्ये उभी राहिली. तारापूरचे वीजकेंद्र मात्र पूर्ण तयार स्वरूपात अमेरिकन कंपनीकडून घ्यायचे ठरले. तारापूर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात गेले. देशाला वीज लवकर हवी होती आणि अणुवीज परवडते हे दाखवून द्यायचे होते, असा हिशेब त्यामागे होता.

या आयत्या वस्तूंची खरी किंमत भाभांच्या मागे कळली. १९७४ च्या पोखरण चाचणीत सायरसमधले प्लुटोनियम वापरले गेले, म्हणून कॅनडाने संबंध तोडले. तारापूरच्या अमेरिकन इंधनावरूनही तंटा सुरू झाला आणि १९८२ मध्ये त्यासाठी फ्रान्सशी करार करावा लागला. विकणाऱ्याचा हात वस्तूवरून कधी पूर्ण निघत नाही, हेच खरे. तरीही तारापूर बंद पडले नाही आणि कॅनडाने अर्ध्यावर सोडलेली राजस्थानातली दुसरी अणुभट्टी आपल्या अभियंत्यांनी १९८१ मध्ये पुरी केली. अप्सरेपासून शिकत आलेले हात तेव्हा कामी आले.

हे पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी जात असताना एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे छप्पन. लग्न केले नव्हते. मागे राहिली चित्रे, झाडांनी वेढलेल्या वास्तू आणि माणसे. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये नेमलेल्या इलेक्ट्रॉनिक्स समितीचा अहवाल त्यांच्या मृत्यूनंतर आला. १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन सुरू झाले आणि दोनच वर्षांत ‘टीडीसी-१२’ हा देशी संगणक बाजारात आला. नरसिंहन पुढे सरकारी संगणक कंपनी सीएमसीचे पहिले अध्यक्ष झाले. टिफ्रॅक भंगारात गेला, पण त्याने घडवलेली माणसे पुढे कितीतरी वर्षे देशाला पुरली.

घरातल्या वादाला या चरित्रातून एका शब्दाचे उत्तर मिळणार नाही, पण विचाराची दिशा मिळते. पुढच्याच महिन्यात कॉलेजचे काम सुरू होणार असेल आणि घरात कुणालाही स्क्रू-ड्रायव्हर धरायची हौस नसेल, तर महालनोबिसांसारखा तयार संच घ्यावा. बिघडला तर एकाच दुकानदाराला विचारता येते. मात्र घेण्याआधी आतला मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय सर्वत्र मिळणाऱ्या मापाचे आहेत ना, एवढे जरूर पाहावे. काही तयार संचांत ते कंपनीच्या खास मापाचे असतात, आणि दोन वर्षांनी नवे ग्राफिक्स कार्ड बसवायची वेळ आली की तारापूरची आठवण होते.

मुलाला आत काय चालते याचे कुतूहल असेल, तर जुळवू द्यावे. त्यात पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नयेत. प्रोसेसर मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये बसणारा आहे का, ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावते का, हे आधी कागदावर तपासावे. प्रत्येक भागाची हमी वेगळी असते, म्हणून सगळ्या पावत्या एका पाकिटात जपाव्यात. एखादा भाग बसवायचे धैर्य होत नसेल, तर तेवढा दुकानदाराकडून बसवून घ्यावा. अप्सरेचे इंधनही बाहेरूनच आले होते. आणि सर्वांत आधी, घरात किंवा शेजारी पडलेला एखादा जुना कॉम्प्युटर त्याच्या हवाली करावा. तो त्याने वायर काढून उघडावा, रॅम काढून पुन्हा बसवावी, जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी लावावी. चुका करायच्या त्या तिथे होऊ द्याव्यात. कामात मुरायच्या आधी नरसिंहनांच्या गटानेही छोटे यंत्रच बांधले होते.

घेतलेले यंत्र कोणतेही असो, पाच-सहा वर्षांत ते जुने होणारच. तेव्हा घरात नुसते जुने खोके उरेल, की ते उघडून दुरुस्त करू शकणारे कुणी माणूसही असेल, हे खरेदीच्या दिवशीच बरेचसे ठरलेले असते. चार हजारांच्या हिशेबाआधी आई-वडिलांनी एकदा याचाही हिशेब मांडून पाहावा.