सीमाभागाचे वकीलपत्र घेतलेला बॅरिस्टर

कोर्टकचेरीची पायरी चढायची वेळ आली की खेड्यातला माणूस आधी ओळखीचा वकील शोधतो. प्रश्न वारसाच्या नोंदीचा असो, सोसायटीच्या कर्जाचा असो की म्हाताऱ्या आईबापांच्या पोटगीचा; कज्जापेक्षा त्याला कागदाचीच धास्ती जास्त असते. त्यातून हाती पडलेली नोटीस आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेत असली, तर घरातला शिकलेला मुलगाही अडाणी ठरतो. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मराठी गावांना हा अनुभव नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अशा साऱ्या मुलखाचेच वकीलपत्र ज्यांनी आपणहून घेतले, ते बॅरिस्टर नाथ पै.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. घाट चढून बेळगावला आलेल्या या कोकणी मुलाचे आमच्या शहराशी जे नाते जुळले, ते अखेरपर्यंत तुटले नाही. १९४२ च्या चळवळीत ते उतरले आणि तुरुंगवासही भोगला. पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. अशा माणसाला मुंबईत वकिली थाटून पैसा मिळवणे अवघड नव्हते. त्यांनी मात्र अशिलाकडून फी मिळण्याची आशा नाही, असेच खटले निवडले.

१९५७ साली कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेत गेले. १९६२ आणि १९६७ सालीही तिथल्या मतदारांनी त्यांनाच निवडून दिले. १९६० च्या जुलैत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी महागाईभत्त्यासाठी देशव्यापी संप केला. टपालवाल्यापासून रेल्वेच्या खलाशापर्यंत साऱ्यांच्या घरखर्चाचा तो प्रश्न होता. त्या संपाच्या नेत्यांत नाथ पै पुढे होते. १९६७ साली गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला आणि मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असे ठरले. तेव्हा संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक त्यांनी खासगी सदस्य या नात्याने मांडले. त्यांच्या हयातीत ते संमत झाले नाही. त्यांच्या निधनानंतर, १९७१ सालीच, चोविसाव्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार संसदेला दिला.

सीमाप्रश्नात त्यांचे मोठेपण वेगळेच दिसते. बेळगाव-निपाणीचे एकही मत त्यांच्या पेटीत पडणार नव्हते. तरीही ही बाजू लोकसभेत त्यांनी सतत लावून धरली. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा, या चार तत्त्वांवर महाराष्ट्राची मागणी उभी होती. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला, असा त्याचा कौल होता. महाराष्ट्राने तो मानला नाही. निकाल विरुद्ध गेला म्हणून नाथ पै यांनी मात्र वकीलपत्र परत केले नाही.

१९५६ च्या जानेवारीत बेळगावात झालेल्या गोळीबारातील हुतात्म्यांना सीमाभाग दरवर्षी १७ जानेवारीला अभिवादन करतो. १९७१ च्या हुतात्मा दिनी नाथ पै बेळगावात सभेत बोलले. हृदयविकाराने शरीर थकलेले होते. दुसऱ्याच दिवशी, १८ जानेवारीला, बेळगावातच त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे अठ्ठेचाळीस.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप प्रलंबित आहे. तो लागेल तेव्हा लागेल, पण आपली रोजची कामे थांबत नाहीत. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. हा हक्क सरकारी कचेरीतल्या अर्जापुरता आहे. कोर्टातल्या कामकाजाचे नियम वेगळे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. न वाचलेल्या कागदावर अंगठा किंवा सही करू नये, हे तर प्रत्येक घरात सांगायला हवे.

आज सीमाभागात काळा कोट घालणारी मराठी मुले-मुली बरीच आहेत. शेजारच्या कानडी माणसाशी आपले भांडण नाही, आणि कानडी कागद वाचता येणारा मराठी वकील ही तर गावाची गरजच आहे. आठवड्यातला एक दिवस त्यांनी आपल्या गावच्या चावडीवर बसून लोकांचे कागद वाचून दाखवले, तरी नाथ पैंनी घेतलेले ते वकीलपत्र पुढे चालू राहील.