पेट्रोलच्या दोन आण्यांतून रस्ते घडविणारे बॅरिस्टर जयकर

यवतमाळ-दारव्हा मार्गावरील बोरी अरबहून रोज दुचाकीने नोकरीसाठी जाणारा माणूस पंपावर पेट्रोल भरतो, तेव्हा त्याने मोजलेल्या पैशांतील काही भाग देशातील रस्त्यांसाठी वेगळा काढला जातो. रस्ता वापरणाऱ्याने इंधनातून रस्त्याचा खर्च द्यावा, ही व्यवस्था आज सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. तिचा आरंभ मात्र १९२७ साली नेमलेल्या एका समितीपासून झाला आणि त्या समितीचे अध्यक्षपद एका मराठी बॅरिस्टरकडे होते. त्यांचे नाव मुकुंद रामराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. गांधीजी आणि व्हाइसरॉय यांच्यातील मध्यस्थ म्हणून इतिहासाचे अभ्यासक त्यांचे स्मरण करतात. भारतीय रस्त्यांशी असलेले त्यांचे नाते मात्र अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

न्यायालयातून राजकारणाकडे

जयकरांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी मुंबईतील पाठारे प्रभू समाजातील कुटुंबात झाला. मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि १९०५ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली. मुद्देसूद मांडणी आणि संयत भाषा यांमुळे वकील म्हणून त्यांचा लौकिक वाढत गेला. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर पंजाबातील अत्याचारांच्या चौकशीसाठी काँग्रेसने जी समिती नेमली, तिच्यात गांधीजींसमवेत जयकरांनीही काम केले. पुढे स्वराज्य पक्षाच्या वतीने ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले. त्या पक्षाच्या धोरणांशी मतभेद झाल्यावर ते त्यातून बाहेर पडले आणि मध्यवर्ती कायदेमंडळात दाखल झाले. सरकारला विरोध करावा, परंतु लोकहिताचे काम हाती येत असेल तर ते सोडू नये, असा त्यांचा पिंड होता. याच काळात रस्त्यांचा प्रश्न त्यांच्यासमोर आला.

बैलगाडीची धाव आणि मोटारीचे चाक

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार हे हिंदुस्थानात संस्थानिकांचे आणि साहेबांचे वाहन होते. १९०४-०५ च्या हिवाळ्यात दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची चाचणी-स्पर्धा झाली, तेव्हा या नव्या यंत्राकडे बहुतांश लोक कुतूहलानेच पाहत होते. पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. मालमोटारी आणि प्रवासी बसगाड्या रस्त्यावर आल्या. आजवर बैलगाडी आणि टांगा यांच्यासाठी बांधलेल्या खडीच्या रस्त्यांना हा भार पेलवेना.

त्यामागचे कारण साधे होते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडीचा चुरा करी. मोटारीचे रबरी चाक वेगाने जाताना खडी धरून ठेवणारी बारीक माती शोषून उडवी. दोन्ही वाहने एकाच रस्त्यावर आली की एक खडी फोडी आणि दुसरे ती सैल करी. पावसाळा येऊन गेला की रस्त्याच्या जागी खड्डे आणि उन्हाळ्यात धुळीचे लोट उरत. वऱ्हाडातील कापूस बैलगाड्यांतूनच जिनिंगपर्यंत जात असे. त्यामुळे हा प्रश्न केवळ शहरी मोटारमालकांचा नव्हता.

दुरुस्ती कोणी करावी, यावर घोडे अडले होते. १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला आणि प्रांतांनी त्यातील मोठा भाग जिल्हा मंडळांच्या गळ्यात घातला. या मंडळांचे उत्पन्न तुटपुंजे होते. मोटार मात्र एका जिल्ह्याची हद्द ओलांडून दुसऱ्यात आणि एका प्रांतातून दुसऱ्यात जात होती. वाहन लांबचे आणि रस्त्याचा धनी जवळचा, अशी ही विसंगती होती.

समिती आणि तिचा अहवाल

नोव्हेंबर १९२७ मध्ये सरकारने कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांची रस्ते विकास समिती नेमली आणि जयकरांना अध्यक्ष केले. १९२८ मध्ये समितीने अहवाल सादर केला. रस्तेबांधणी प्रांत आणि स्थानिक संस्था यांच्या आर्थिक कुवतीबाहेर गेली असून ती राष्ट्रीय महत्त्वाची बाब बनली आहे, त्यामुळे तिचा काही भार मध्यवर्ती तिजोरीने उचलला पाहिजे, हे त्या अहवालाचे मुख्य सूत्र होते. त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि त्याचे उत्पन्न इतर खर्चात मिसळू न देता स्वतंत्र निधीत ठेवावे, अशी शिफारस समितीने केली. रस्त्यांच्या तंत्रज्ञांना अनुभवांची देवाणघेवाण करता यावी म्हणून एक निमसरकारी व्यासपीठ असावे, तसेच रस्त्यांच्या संशोधनासाठी संस्था उभारावी, असेही तिने सुचविले.

१ मार्च १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर लागू झाला आणि मध्यवर्ती रस्ते निधी अस्तित्वात आला. त्यातील काही हिस्सा केंद्राने स्वतःकडे ठेवायचा आणि उरलेला पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात प्रांतांना वाटायचा, असे ठरले. जो रस्ता वापरतो त्याने त्यासाठी द्यावे आणि त्याने दिलेले रस्त्यावरच खर्च व्हावे, हा न्याय त्यामागे होता. कर देणारा आणि सरकार यांच्यातील हा एक प्रकारचा करारच होता. कायद्याचा पंडित अध्यक्षपदी असल्याची खूण त्यात दिसते.

इतर शिफारशीही कालांतराने फळाला आल्या. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. रस्त्याची रुंदी, वळणाचा बाक आणि पुलाची ताकद यांची मानके ही संस्था आजही ठरविते. दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्था स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकारंभी उभी राहिली. दरम्यान १९१४ चा जुना मोटार कायदा अपुरा पडू लागला होता. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने घेतली. वाहनचालकाचा परवाना, वेगमर्यादा, वाहनांची नोंदणी आणि अपघातात सापडलेल्या त्रयस्थाला भरपाई मिळावी म्हणून सक्तीचा विमा यांची चौकट या कायद्याने घालून दिली.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा विदर्भात घडला. १९४३ च्या डिसेंबरात प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही वर्गवारी तेथेच पक्की झाली. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, हे तिचे उद्दिष्ट होते. बोरी अरबसारखी गावे प्रथमच देशाच्या रस्ते नकाशाच्या हिशेबात आली ती या योजनेमुळे.

मध्यस्थ, न्यायमूर्ती, कुलगुरू

जयकर स्वतः मात्र रस्त्यांच्या विषयात रेंगाळले नाहीत. १९३० मध्ये सविनय कायदेभंग ऐन भरात असताना तेजबहादूर सप्रू आणि जयकर या जोडीने येरवडा तुरुंगात गांधीजींची भेट घेऊन समेटाचा प्रयत्न केला. तो त्या वेळी फसला. पुढील वर्षी गांधी-आयर्विन करार झाला, त्यामागे याच जोडीची खटपट होती. गोलमेज परिषदांत ते सहभागी झाले. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींतही त्यांचा वाटा होता. १९३७ मध्ये फेडरल कोर्टाच्या पहिल्या तीन न्यायमूर्तींत त्यांची निवड झाली. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवरही त्यांनी काम केले. १९४६ मध्ये ते घटना समितीवर निवडून आले, परंतु लवकरच त्यांनी ती जागा सोडली. त्या रिक्त जागेवर मुंबई प्रांतातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडून गेले.

१९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरूपद त्यांच्याकडे आले आणि १९५६ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव देण्यात आले. १० मार्च १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

हिशेब अजून बाकी

त्यांच्या समितीने सुचविलेला निधी कित्येक दशके केवळ ठरावाच्या आधारे चालला. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरमागे एक रुपयाचा उपकर बसला. २००० मध्ये निधीला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. २०१८ मध्ये त्याचे नाव बदलून त्यात इतर पायाभूत सुविधांचाही समावेश झाला. रस्त्याचा पैसा रस्त्यालाच, हे मूळ सूत्र तेथे सैल झाले.

रस्ते वाढले, वाहनांचा वेग वाढला, परंतु सुरक्षितता त्या प्रमाणात वाढली नाही. २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. ग्रेटर नोएडा येथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. तेथे ताशी तीनशे किलोमीटरचा वेग होता, पण सर्व गाड्या एकाच दिशेने धावत होत्या, कडेला मोकळी जागा आणि संरक्षक अडथळे होते, वैद्यकीय पथक हाकेच्या अंतरावर होते. जिल्हा मार्गावर ताशी साठच्या वेगाने जाणाऱ्या दुचाकीसमोर मालमोटार, बैलगाडी, शाळकरी मुले आणि रात्रीचा अंधार एकाच वेळी येतात. वेग तोच सुरक्षित, ज्याच्याभोवती व्यवस्था उभी असते.

पैसा, तांत्रिक ज्ञान आणि संशोधन यांची सांगड घातल्याशिवाय रस्ता उभा राहत नाही, हे जयकर समितीने १९२८ मध्येच ओळखले होते. चालकाने हेल्मेट घालावे, वेग आवरावा, ही त्याची जबाबदारी आहेच. परंतु वळणावरचा फलक, पुलाचा कठडा आणि बुजवलेला खड्डा यांची किंमत त्याने प्रत्येक लिटरमागे आगाऊ भरलेली आहे. ते मागणे हा त्याचा हक्क ठरतो. त्या हक्काचा पाया घालणाऱ्यांत जयकरांचे नाव अग्रभागी राहील.