यहेज्केल

यहेज्केल (इ.स.पू. सहावे शतक) हा बाबिलोनमधील हद्दपार यहुद्यांचा पुरोहित व संदेष्टा होता. चार मुखांच्या जिवंत प्राण्यांवर तोललेल्या ईश्वरी सिंहासनाच्या दृष्टान्तासाठी तो विशेष ओळखला जातो. जुन्या करारातील एक ग्रंथ त्याच्या नावाने आहे.

जीवन

यहेज्केल हा पुरोहित कुळातील बूजीचा मुलगा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकून राजा यहोयाखीन याच्यासह हजारो लोकांना कैद करून नेले. त्यांपैकी यहेज्केल खबार नदीकाठच्या तेल-अबीब या वसाहतीत राहू लागला. इ.स.पू. ५९३ च्या सुमारास त्याला पहिला दृष्टान्त झाला. विटेवर यरुशलेमचे चित्र कोरून वेढ्याचा देखावा मांडणे, अशा प्रतीकात्मक कृतींतून तो नगराच्या नाशाची पूर्वसूचना देत असे. याच काळात त्याची पत्नी वारली. परंतु येणाऱ्या आपत्तीची खूण म्हणून त्याने उघड शोक केला नाही. नगर व मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर मात्र त्याचा संदेश पुनरुज्जीवनाचा झाला. त्याचे शेवटचे कालनिर्दिष्ट वचन इ.स.पू. ५७१ च्या सुमाराचे आहे.

चार जिवंत प्राणी

उत्तरेकडून आलेल्या वादळी मेघात यहेज्केलला चार प्राणी दिसले. प्रत्येकास मनुष्य, सिंह, बैल व गरुड अशी चार मुखे आणि चार पंख होते. शेजारी डोळ्यांनी भरलेली चाके होती. प्राणी कोणत्याही दिशेला न वळता जात व चाके त्यांच्याबरोबर फिरत. त्यांच्या मस्तकांवरील स्फटिकासमान विस्तारावर नीलमण्यासारखे सिंहासन होते.

ज्यू भाष्यपरंपरेनुसार मनुष्य, वनातील सिंह, गोठ्यातील बैल आणि पक्ष्यांतील गरुड हे आपापल्या वर्गात श्रेष्ठ आहेत. तरीही ते सिंहासनाखालीच आहेत. मेसोपोटेमियात पंखधारी बैल व सिंहांच्या मूर्ती राजद्वारांचे रक्षण करीत. येथे तसेच प्राणी पराभूत समाजाच्या देवाचे सिंहासन वाहतात. देव यरुशलेमच्या मंदिरात वास करतो, अशी श्रद्धा असलेल्या हद्दपार लोकांपुढे आपण त्याच्यापासून तुटलो काय, हा प्रश्न होता. चाके असलेले सिंहासन हे त्याचे उत्तर ठरले: देव स्थानबद्ध नाही, तो परमुलखातही उपस्थित आहे. डोळ्यांचा अर्थ सर्वसाक्षित्व असा लावला जातो.

प्रभाव

मिश्नामध्ये या दृष्टान्ताच्या अध्यापनावर कडक मर्यादा घातल्या आहेत. नव्या करारातील प्रकटीकरण या ग्रंथात हे प्राणी पुन्हा येतात. पुढे ख्रिस्ती कलेत मनुष्य मत्तयाचे, सिंह मार्काचे, बैल लूकाचे व गरुड योहानाचे चिन्ह झाले. इराकमधील अल-किफ्ल येथे यहेज्केलची मानली जाणारी कबर आहे.

चौल व कोकण

जुन्या अरबी लेखनात सैमूर या नावाने येणाऱ्या चौल बंदरात मुसलमान, ख्रिस्ती व पारशांबरोबर ज्यूंचीही वस्ती असल्याचा उल्लेख आढळतो. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज चौलच्या उत्तरेस नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. चौललगतच्या रेवदंड्यात त्यांचे बेथ एल हे सभास्थान आहे. शावुओत सणाच्या दिवशी ज्यू सभास्थानांत या दृष्टान्ताचा अध्याय वाचण्याची प्रथा आहे. मंदिरापासून दूर राहूनही उपासना टिकवण्याचा, यहेज्केलपुढे असलेला प्रश्न या समाजानेही अनुभवला. यहेज्केलचे नाव या समाजात इझिकेल या रूपात रूढ आहे. इंग्रजी कवी निसीम इझिकेल (१९२४–२००४) याच समाजातील होते.