कागदावरचा खेळाडू

मुलांनो, शतरंज तुम्हांला ठाऊक आहे. मराठीत या खेळाला बुद्धिबळ म्हणतात. उर्दूतला रुख मराठीत हत्ती होतो. आमच्या तुर्भ्यातही घरोघरी मुले हा खेळ खेळतात. जोडीदार नसेल, तर मोबाइलशी डाव मांडतात. आपण एक चाल करतो आणि यंत्र लगेच उत्तर देते. यंत्राला हे कोणी शिकवले? ज्यांनी सर्वांत आधी ही वाट शोधली, त्यांत ॲलन ट्युरिंग यांचे नाव घ्यावे लागते.

ॲलन यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील मद्रास इलाख्यात सरकारी अधिकारी होते. आईवडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडमध्ये परक्या घरी, अशी ताटातूट त्यांना लहानपणीच सोसावी लागली. पण ॲलन जिद्दी होते. १९२६ साली नव्या शाळेचा पहिला दिवस आला आणि देशभर संप झाला. गाड्या बंद पडल्या. तेरा वर्षांचा हा मुलगा सायकलवर बसला आणि सुमारे शंभर किलोमीटर अंतर तोडून शाळेत हजर झाला.

पुढे केंब्रिज येथे त्यांनी गणिताचा अभ्यास केला. नियम नीट लिहून दिले, तर एकच यंत्र नाना प्रकारची कामे करू शकेल, हा विचार त्यांनी १९३६ साली मांडला. आजचा संगणक याच विचारावर उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मन सैन्याचे गुप्त संदेश उलगडण्याचे मोठे काम केले. तेथे बुद्धिबळातले नामांकित खेळाडू त्यांचे सहकारी होते. ट्युरिंग स्वतः मात्र बेताचेच खेळत. तरीही यंत्राला हा खेळ शिकवावा, असे त्यांच्या मनाने घेतले.

हे काम सोपे नव्हते. डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० चाली उपलब्ध असतात. प्रत्येक चालीला काळ्याची २० उत्तरे असतात. म्हणजे दोघांची एकेक चाल होताच ४०० शक्यता! जणू एका खोडाला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला डहाळ्या. या झाडाला अंत नाही. मग यंत्राने कोठे थांबावे?

ट्युरिंग यांनी १९४८ साली आपले मित्र डेव्हिड चॅम्परनाउन यांच्याबरोबर एक रीत तयार केली. यंत्राने आपली प्रत्येक चाल पाहावी, तिच्यावरचे प्रत्येक उत्तर पाहावे. मारामारी चालू असेल, तर आणखी थोडे पुढे पाहावे. मग थांबून गुण मोजावेत. प्याद्याला १, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५ आणि वजिराला १० गुण. प्रतिस्पर्धी आपल्याला सर्वांत अडचणीची चाल करील, असे धरूनच आपली चाल निवडावी. समोरच्याला मूर्ख समजू नये, हा या रीतीचा गाभा होता.

रीत तयार झाली, पण ती चालवील असा प्रोग्राम काही पूर्ण झाला नाही. म्हणून १९५२ साली ट्युरिंग स्वतःच यंत्र बनले! मँचेस्टर येथे ॲलिक ग्लेनी यांच्याशी डाव मांडला. ट्युरिंग कागदावर हिशेब करत आणि नियम सांगेल तीच चाल करत. स्वतःची अक्कल चालवायची नाही, असा नेम होता. एकेका चालीला अर्धा अर्धा तास लागे. २९व्या चालीला नियमाने एक प्यादे मारायला सांगितले आणि त्यातच वजीर अडकला. हिशेब थोडक्यात थांबल्यामुळे पुढचा धोका दिसलाच नाही. डाव हरला.

ही हार ट्युरिंग यांनी लपवली नाही. १९५३ साली त्यांनी आपली रीत आणि हरलेला डाव दोन्ही छापून प्रसिद्ध केले. चूक कोठे झाली, हे त्यामुळे सर्वांना कळले.

त्यांचे शेवटचे दिवस दुःखात गेले. समलिंगी संबंध हा तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. १९५२ साली त्यांना त्यासाठी शिक्षा झाली. ज्या देशाची त्यांनी युद्धात सेवा केली, त्याच देशाने त्यांना अपमानित केले. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१व्या वर्षी, विषामुळे त्यांचा मृत्यू झाला. २०१३ साली राणीने त्यांना माफी जाहीर केली. पण ती पाहायला ते नव्हते.

त्यांचे झाड मात्र वाढत राहिले. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने जगज्जेते कास्पारोव्ह यांना सामन्यात हरवले. तो एका सेकंदात सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे. आज तर फांद्या तपासणारे तयार प्रोग्राम मिळतात. खेळाचे नियम आणि गुण मोजण्याची रीत आपण द्यायची. शोधण्याचे काम ते करतात.

मुलांनो, तुम्हीही वहीत फुली-गोळ्याचे झाड काढून पाहा. पहिल्या चालीला ९ फांद्या, दुसरीनंतर ७२. थोड्याच वेळात हात दुखेल. तेव्हा अर्धा अर्धा तास आकडे मांडणारे आणि हरल्यावरही तो कागद जगापुढे ठेवणारे ट्युरिंग आठवा. हरलेला डाव नीट लिहून ठेवला, तर तो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.