भरकटलेल्या किरणांचा मागोवा : सर चंद्रशेखर वेंकट रामन

पावसाळ्यात राजहंसगडावर दाट धुके उतरले की चार पावलांपलीकडचा बुरूज दिसेनासा होतो. उजेड काही नाहीसा झालेला नसतो; उलट सभोवती पांढराशुभ्र उजेडच दाटलेला असतो. परंतु बुरुजाकडून निघालेला किरण वाटेत असंख्य जलकणांवर आदळून दिशा हरवतो, आणि डोळ्यांपर्यंत येईतो आपण कोठून निघालो याची खूणच गमावून बसतो. दुधाच्या पेल्यातून पलीकडचे दिसत नाही, किंवा पेटत्या विजेरीवर बोटे धरली असता ती लालभडक दिसतात पण आतले हाड दिसत नाही, याचे कारणही हेच. टिंडल, रॅले यांच्यासारखे मोजके अभ्यासक सोडले, तर अशा विखुरलेल्या प्रकाशाकडे पाहण्यातील अडथळा म्हणूनच पाहिले जाई. त्याच प्रकाशाला साक्षीदार मानून ज्यांनी आयुष्यभर त्याची उलटतपासणी केली, ते शास्त्रज्ञ म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील गणित व भौतिकीचे अध्यापक. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात विद्यार्थी असतानाच, १९०६ मध्ये, त्यांचा पहिला निबंध लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पण संशोधनावर पोट भरण्याची सोय त्या काळी या देशात नव्हती. १९०७ मध्ये ते अर्थखात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन कलकत्त्यास अधिकारी म्हणून रुजू झाले. कचेरीपूर्वी आणि कचेरीनंतरचा वेळ ते महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत घालवीत. पुढे रंगूनला आणि १९१० मध्ये नागपूरला त्यांची बदली झाली, तरी प्रयोगांचा नाद सुटला नाही. १९१७ मध्ये सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन, बराच कमी पगार पत्करून, त्यांनी कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद स्वीकारले. बढतीच्या वाटेवर असलेल्या अधिकाऱ्याचा हा निर्णय व्यवहारी माणसाला वेडेपणाचाच वाटावा असा होता.

१९१९ मधील त्यांचा एक निबंध फारसा कोणाच्या स्मरणात नाही. तेजस्वी दिव्याकडे काळोखातून पाहिले असता त्याच्याभोवती जे प्रभावलय दिसते, त्याचा विचार त्यात आहे. हे वलय डोळ्यातील माध्यमांतच प्रकाश विखुरल्यामुळे उमटते, असे त्यांनी दाखविले. म्हणजे विखुरलेल्या किरणांवरून सजीव अवयवाची अंतर्रचना ओळखण्याची कल्पना त्यांच्या मनात समुद्रप्रवासाच्याही आधी रुजली होती.

तो प्रवास १९२१ चा. ऑक्सफर्डच्या परिषदेहून नारकुंडा बोटीने परतताना भूमध्य समुद्राची गडद निळाई त्यांनी पाहिली. हे आकाशाचे प्रतिबिंब आहे, असे रॅले यांचे मत होते. रामन यांनी जवळच्या निकोल लोलकाने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडविला. निळा रंग गेला तर नाहीच, उलट अधिकच खुलला. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हा निष्कर्ष सांगणारे त्यांचे टिपण मुंबई बंदरातून, सप्टेंबर १९२१ मध्ये, लिहिले गेले.

पुढील सात वर्षे द्रव, वायू आणि स्फटिक यांच्यातून विखुरणाऱ्या प्रकाशाचे मापन चालले होते. आत जाणाऱ्या प्रकाशावर जांभळी काच आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशावर हिरवी काच ठेवली, तर काहीच दिसता कामा नये. कारण विखुरताना रंग बदलत नाही अशी समजूत होती. परंतु अंधुक रेघ दिसत राहिली. १९२३ मध्ये रामनाथन यांना ती दिसली, तेव्हा द्रवातील अशुद्धतेवर संशय गेला. द्रव पुनःपुन्हा शुद्ध केला, तरी रेघ हटेना. अखेर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी उलगडा झाला. रेणू आपल्या कंपनांच्या प्रमाणात प्रकाशाची ऊर्जा घेतो किंवा देतो, म्हणून कोट्यवधी किरणकणांमागे एखादा बदललेल्या रंगाने बाहेर पडतो. तो बदल म्हणजे त्या रेणूची ओळखच. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. के. एस. कृष्णन यांनी दिवसरात्र केलेल्या प्रयोगांचा वाटा मात्र लोकस्मरणात मागे पडला, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

लेसर आल्यावर (१९६०) या क्षीण प्रकाशाचा खरा उपयोग सुरू झाला. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एक सोपी युक्ती पुढे आली. प्रकाश एका जागी टाकायचा आणि परत येणारा प्रकाश तेथून काही मिलिमीटर दूर टिपायचा. दूरवर निघणारा किरण सरासरीने अधिक खोल भटकून आलेला असतो. त्यामुळे त्वचेला छेद न देता खालच्या हाडाचे रासायनिक स्वरूप कळू शकते. बिंदूमागून बिंदू असा वर्णपट घेत गेले, तर त्यातून चित्रही उभे राहते. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत तोंडाच्या कर्करोगासंबंधी याच परिणामावर काम झाले आहे. निपाणीच्या तंबाखूशी आणि १९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाशी परिचित असलेल्या सीमाभागाला या संशोधनाचे मोल निराळे सांगायला नको. अर्थात, पक्क्या निदानासाठी आजही तुकडा काढून तपासावाच लागतो.

१९३३ मध्ये रामन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईहून आलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना त्यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि पुढे १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. त्यांच्या कर्तृत्वाने रामन यांना आपला ग्रह सोडावा लागला, तरी मोठ्या माणसाच्या दृष्टीलाही धुके असते याचा हा दाखला आहे. १९३७ मध्ये वादांमुळे त्यांनी संचालकपद सोडले आणि १९४८ मध्ये स्वतःची संशोधन संस्था उभारली. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न किताब मिळाला.

उत्तरायुष्यात दुधिया ओपल रत्ने हा त्यांचा छंद होता. १९४९ मध्ये ख्रिस्टियानसेनच्या प्रयोगावर त्यांनी लिहिले. काचेची पूड अपारदर्शक दिसते; पण काचेइतकाच वक्रीभवनांक असलेल्या द्रवात ती बुडवली की पारदर्शक होते. तेल लागलेला कागद उजेडास वाट देतो, त्यातले तत्त्वही हेच. २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी टार्ट्राझीन या खाद्यपदार्थांतील पिवळ्या रंगाच्या द्रावणाने जिवंत उंदराची त्वचा तात्पुरती पारदर्शक केली, तीही याच मार्गाने.

अखेरच्या वर्षांत ते पुन्हा डोळ्याकडे वळले. रंगीत काचेतून उजळ पडद्याकडे पाहून काच एकदम दूर केली, की स्वतःच्याच दृष्टिपटलाची रचना क्षणभर दिसते, असे त्यांनी लिहिले आहे; १९६८ मध्ये दृष्टीविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेच्या बागेतच, कोणत्याही धार्मिक विधीवाचून, अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी एक झाड लावण्यात आले.