तीन दिवसांची शिकवणी

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो. एकमुखी दत्ताचे दर्शन घेऊन यात्रेकरू बाजाराकडे वळतात आणि मग दिवसभर जनावराची चाल, त्याचा स्वभाव आणि लगामाला ते कसे वळते याचीच चर्चा चालते. मनाची उपमा शोधताना आपल्या पूर्वजांनाही घोडेच आठवले. शरीर हा रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी, हे कठोपनिषदातले रूपक. भारतीय मानसशास्त्र समजून घ्यायचे तर या रूपकापासून सुरुवात करणे सोयीचे. हे शास्त्र विसाव्या शतकात नव्याने मांडणाऱ्यांमध्ये ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, त्या अरविंद घोष यांच्या आयुष्याला पहिले मोठे वळण दिले तेही घोड्यावरच्या परीक्षेनेच.

१५ ऑगस्ट १८७२ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या अरविंदांना वडिलांनी, डॉ. कृष्णधन घोष यांनी, सातव्या वर्षीच इंग्लंडला नेऊन ठेवले. मुलांवर भारतीय भाषा, धर्म, चालीरीती यांची सावलीही पडू नये अशी त्यांची सक्त ताकीद होती. मँचेस्टरला ड्रूएट यांच्या घरी लॅटिनचे धडे, लंडनला सेंट पॉल शाळा, केंब्रिजला किंग्ज कॉलेज, असे हे शिक्षण झाले. १८९० मध्ये ते आयसीएसच्या स्पर्धा परीक्षेत अकरावे आले. दोन वर्षांची उमेदवारीही पूर्ण झाली. राहिली ती फक्त घोडेस्वारीची परीक्षा, आणि त्या परीक्षेला ते हजरच राहिले नाहीत. सरकारी नोकरीची दारे बंद झाली. इंग्रजांची चाकरी टाळण्याचा हा त्यांनी स्वतःच शोधलेला मार्ग होता, असे मानायला पुरेशी जागा आहे.

लंडनमध्येच सयाजीराव गायकवाडांनी त्यांना हेरले आणि १८९३ च्या फेब्रुवारीत अरविंद बडोद्यात दाखल झाले. जमाबंदी, महसूल, महाराजांच्या पत्रांचे मसुदे अशी कामे करीत ते बडोदा कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक आणि पुढे उपप्राचार्य झाले. ग्रीक-लॅटिनमध्ये पारंगत असलेल्या या तरुणाला स्वतःची मातृभाषा धड बोलता येत नव्हती. बंगालीच्या सरावासाठी १८९८ मध्ये दीनेंद्रकुमार राय यांना बडोद्यात आणावे लागले. संस्कृत त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केली, मराठी-गुजराती संस्थानात राहून शिकले. मित्रमंडळ बहुतांशी मराठी होते: केंब्रिजपासूनचे स्नेही आणि इंदुप्रकाशचे संपादक केशवराव देशपांडे, तसेच खासेराव व माधवराव जाधव हे बंधू. उपनिषदे आणि महाकाव्ये वाचून झाली, पण पुस्तकात वर्णिलेले मन स्वतःच्या ठायी कसे पाहायचे, हे कोणतेही पुस्तक शिकवीत नव्हते.

१९०४ मध्ये देवधर नावाच्या अभियंता मित्राकडून त्यांनी प्राणायाम शिकून घेतला. सुरुवातीला लाभ जाणवला, काव्यलेखनाला वेग आला. १९०६ मध्ये बडोदे सोडून ते कोलकात्यात राष्ट्रीय चळवळीत उतरले, वंदे मातरम्‌ पत्राची धुरा त्यांच्याकडे आली आणि साधना विस्कळीत झाली. डिसेंबर १९०७ मध्ये तापीच्याच काठी, सुरतेला, काँग्रेसचे अधिवेशन उधळले गेले आणि जहाल-मवाळांची फाटाफूट झाली. टिळकांच्या बरोबरीने अरविंद त्या वादळाच्या केंद्रस्थानी होते. तिथून ते बडोद्याला आले. धाकटे बंधू बारींद्र यांनी तार करून ग्वाल्हेरहून एका योग्याला बोलावून घेतले. त्यांचे नाव विष्णू भास्कर लेले.

गुरु-शिष्याची ही जोडी विलक्षण म्हणावी लागेल. लेले विद्वान नव्हते. त्यांचे विचारविश्व मर्यादित होते, मात्र भक्तिमार्गातला अनुभव त्यांच्या गाठी होता. अरविंदांनी या गोष्टींचा हिशेब मांडत वेळ घालविला नाही. जानेवारी १९०८ मध्ये सरदार मजुमदारांच्या वाड्यातील माडीवरच्या खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेली युक्ती साधी होती. विचार आपल्या डोक्यात निर्माण होत नाहीत, ते बाहेरून येतात. त्यांना येताना पाहा आणि आत शिरण्याआधीच परतवून लावा. विचार बाहेरून येतात ही कल्पना अरविंदांनी तोवर ऐकलीही नव्हती. तरी वाद न घालता ते बसले, पाहू लागले आणि तीन दिवसांत त्यांचे मन पूर्णपणे निःशब्द झाले.

निष्पन्न जे झाले ते मात्र गुरूला अभिप्रेत नव्हते. भक्त असलेल्या लेल्यांना सगुण ईश्वराचा साक्षात्कार अपेक्षित होता. शिष्याला अनुभव आला तो निर्गुण, शांत ब्रह्माचा. सारे जग पडद्यावरच्या हलत्या चित्रासारखे पोकळ भासू लागले. शिकविणाऱ्याच्या कल्पनेपलीकडे विद्यार्थी गेला, आणि तेही त्याच्याच पद्धतीने.

त्यातून व्यावहारिक पेच उभा राहिला. सभांची निमंत्रणे होती आणि मनात एकही विचार नव्हता. १९ जानेवारीला मुंबईत भाषण ठरले, तेव्हा अरविंदांनी लेल्यांनाच उपाय विचारला. श्रोत्यांना नमस्कार करून थांबा, शब्द आपोआप येतील, असा तो उपाय. शब्द आले. पुढे आपले सारे बोलणे-लिहिणे याच निःशब्दतेतून झाल्याचे त्यांनी नोंदविले आहे. २४ तारखेला नाशिक, २६ ला धुळे, २९ ला अमरावती असा दौरा झाला. सारंगखेडे तेव्हा पश्चिम खानदेशात होते आणि धुळे हे त्या जिल्ह्याचे ठिकाण. म्हणजे खानदेशाने ऐकलेले अरविंद हे नुकतेच मौन शिकून आलेले वक्ते होते.

मुंबईत निरोप घेताना लेल्यांनी त्यांना अंतःकरणातल्या मार्गदर्शकाच्या स्वाधीन केले आणि आता आपली गरज नसल्याचे सांगितले. असे स्वतःहून बाजूला होणारे शिक्षक विरळाच. पण महिनाभरात ते कोलकात्याला आले आणि अरविंद ठरल्या वेळी ध्यानाला बसत नाहीत हे कळताच सैतानाने शिष्याला ग्रासले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ध्यान आता अष्टौप्रहर चालू आहे, हे शिष्याने समजावण्याचा प्रयत्न केला नाही. वाटा वेगळ्या झाल्या. सारंगखेड्याच्या दत्तभक्तांना अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा नव्याने सांगायला नको. एकेकाकडून एकेकच गुण घेण्याची ती रीत अरविंदांनी पाळली, एवढेच म्हणता येईल.

२ मे १९०८ रोजी अलीपूर बॉम्ब खटल्यात त्यांना अटक झाली. चित्तरंजन दासांनी बाजू लढविली आणि ६ मे १९०९ रोजी ते निर्दोष सुटले. त्यानंतर कर्मयोगिन्‌ साप्ताहिकातील शिक्षणविषयक लेखमालेत त्यांनी चित्त, मानस, बुद्धी आणि त्यापलीकडची अंतःस्फूर्तीची शक्ती असे मनाचे चार थर उलगडले. शिक्षक हा शिकवीत नसतो, विद्यार्थ्याला स्वतः शिकायला साहाय्य करतो, हे त्या लेखांतले मूलतत्त्व. मजुमदारांच्या वाड्यातील तीन दिवस ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे तत्त्व कोरडे वाटणार नाही.

४ एप्रिल १९१० रोजी ते पुदुच्चेरीला पोहोचले आणि ५ डिसेंबर १९५० रोजी तिथेच निवर्तले. १९१४ ते १९२१ या काळात आर्य मासिकातून त्यांचे योगविषयक विवेचन प्रसिद्ध झाले. इंद्र सेन यांनी त्यातूनच समग्र मानसशास्त्राची संकल्पना पुढे नेली. भारतीय मानसशास्त्राला विद्यापीठीय अभ्यासात स्थान मिळावे, असा जाहीरनामा मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये काढला तो पुदुच्चेरीतच.

१९२६ पासून अरविंद एकांतात होते, पण त्यांची शिकवणी थांबली नाही. विशेषतः तिसाच्या दशकात साधकांच्या वह्या आणि चिठ्ठ्या रोज त्यांच्याकडे जात आणि रात्र रात्र जागून ते उत्तरे लिहीत. मन शांत होत नाही ही तक्रार त्यांत वारंवार असे. उत्तरादाखल ते कधी बडोद्यातल्या त्या खोलीची हकिगत सांगत आणि ज्यांच्याशी आपले पटले नाही, त्या लेल्यांचे ऋण न विसरता मान्य करीत.