बुचातील कोठड्या

बाटलीच्या तोंडाशी बसविलेले बूच पाण्यात टाकले असता ते बुडत नाही. बोटांनी दाबले तर आखडते आणि दाब काढून घेताच पूर्ववत फुगते. दिवसचे दिवस पाण्यात राहिले तरी ते लाकडासारखे पाणी शोषून जड होत नाही. या गोष्टी शेकडो वर्षे सर्वांच्याच पाहण्यात होत्या. परंतु असे का व्हावे हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देईना, असा एक पुरुष सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्याचे नाव रॉबर्ट हूक.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत वाइट नावाचे एक बेट आहे. तेथील फ्रेशवॉटर या गावी 18 जुलै 1635 रोजी हूकचा जन्म झाला. त्याचे वडील तेथील चर्चमध्ये उपधर्मगुरू होते. बालपणी त्याची प्रकृती इतकी नाजूक होती, की हे मूल जगेल अशी आशा घरच्यांना नव्हती. डोकेदुखीमुळे अभ्यास वरचेवर बंद पडे. मग तो एकटाच काहीबाही घडवीत बसे. एकदा कोणीतरी पितळी घड्याळ उघडलेले त्याने पाहिले आणि घरी येऊन तसेच लाकडाचे घड्याळ तयार केले. आश्चर्य म्हणजे ते चालतही असे!

1648 साली त्याचे वडील वारले. तेरा वर्षांचा हूक वारशाने मिळालेले थोडेसे पैसे घेऊन लंडनला आला. पीटर लीली या नामांकित चित्रकाराकडे त्याने काही काळ उमेदवारी केली; पण रंगांच्या वासाने त्याचे डोके दुखू लागले आणि ते शिक्षण सुटले. हातात आलेली रेघ मात्र सुटली नाही. पुढे ती त्याच्या फार उपयोगी पडली. वेस्टमिन्स्टरच्या शाळेत डॉ. बझ्बी या करड्या शिस्तीच्या गुरूंनी या कृश मुलाची बुद्धी ओळखली. युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा ग्रंथ त्याने एका आठवड्यात आत्मसात केले, असे त्याच्या समकालीनांनी नमूद करून ठेवले आहे. 1653 मध्ये तो ऑक्सफर्डला गेला. तेथे रॉबर्ट बॉइल या श्रीमंत व उदार शास्त्रज्ञाने त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतले. हवेच्या दाबाचा बॉइलने केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे; त्यासाठी लागणारा वाताकर्षक पंप हूकच्या हातचा होता.

1660 मध्ये लंडनला रॉयल सोसायटी ही विद्वानांची सभा स्थापन झाली. सभेच्या प्रत्येक बैठकीत नवे प्रयोग करून दाखविण्यास कोणीतरी माणूस हवा होता. 1662 च्या नोव्हेंबरात हे काम हूककडे आले. दर आठवड्याला तीन-चार प्रयोग सिद्ध करावयाचे आणि ते मोठमोठ्या विद्वानांच्या देखत यशस्वी करून दाखवावयाचे, हा भार सामान्य नव्हे. हूकने तो अनेक वर्षे वाहिला. मोबदल्याची स्थिती मात्र शोचनीय होती. सर जॉन कटलर या धनिकाने त्याच्या व्याख्यानांसाठी दरसाल 50 पौंड देण्याचे कबूल केले होते. पण ते पदरात पडावेत म्हणून हूकला न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि निकाल लागला तो थेट 1696 मध्ये. हूकचा स्वभाव पुढे संशयी झाला, याचे नवल वाटावयास नको.

याच काळात त्याने सूक्ष्मदर्शक यंत्र हाती घेतले. हे यंत्र त्याने शोधून काढलेले नव्हे; पण त्यात त्याने अनेक सुधारणा केल्या. सर्वांत मोठी अडचण प्रकाशाची होती. त्यावर त्याने तेलाच्या दिव्याजवळ पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवला आणि त्यातून एकवटलेला उजेड भिंगाने नेमका पदार्थावर पाडला. अशा उजेडात त्याने पिसू पाहिली, माशीचा डोळा पाहिला, सुईचे टोक पाहिले, बुरशी पाहिली. आणि एके दिवशी बुचाचा तुकडा पाहावयास घेतला.

चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून त्याने बुचाचा अत्यंत पातळ काप काढला. बूच फिके असल्याने तो काप त्याने काळ्या पट्टीवर ठेवला. यंत्रातून पाहतो तो त्याला मधाच्या पोळ्यासारखी रचना दिसली! लहान लहान पोकळ्या, त्यांच्यामध्ये पातळ भिंती. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. या पोकळ्यांना त्याने जो इंग्रजी शब्द योजला त्याचा अर्थ कोठडी असा होतो. मठातील साधूच्या खोलीला आणि पोळ्यातील घरालाही इंग्रजीत तोच शब्द आहे. मराठीत आपण ज्याला पेशी म्हणतो, त्याचे इंग्रजी नाव असे एका बुचाच्या कापावरून पडले.

हूक केवळ पाहून थांबला नाही, त्याने मोजले. इंचाच्या अठराव्या भागात त्याला साठ कोठड्या आढळल्या. म्हणजे एका इंचाच्या लांबीत 1080, चौरस इंचात 11 लाख 66 हजार 400 आणि घन इंचात सुमारे 126 कोटी. हा आकडा त्याला स्वतःलाच अविश्वसनीय वाटला. आता बुचाचे कोडेही उलगडले. या असंख्य कोठड्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून बूच हलके. ती हवा दबते आणि पुन्हा पसरते, म्हणून बूच लवचिक. आणि कोठड्या चोहोंकडून बंद असल्यामुळे पाणी आत शिरत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बूच म्हणजे एका जातीच्या ओक वृक्षाची साल. तिच्यातील पेशी केव्हाच मेलेल्या असतात. मागे राहतात त्या फक्त भिंती. हूकला दिसली ती घरे. घरधनी निघून गेलेला होता. परंतु त्याने गाजर, बडीशेपेच्या जातीचे झाड, नेचे अशा इतर वनस्पतीही तपासल्या आणि हिरव्या झाडांतील कोठड्या रसाने भरलेल्या असतात हे पाहिले. मग त्याच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. कोठड्या जर बंद आहेत, तर झाडाचा रस एकीतून दुसरीत जातो कसा? मुळांनी घेतलेले पाणी शेंड्याला पोचते, तेव्हा वाट कोठेतरी असलीच पाहिजे. त्याने भिंती पुन्हा पुन्हा न्याहाळल्या, तोंडाने फुंकर घालून पाहिली, इतरही उपाय केले. वाट सापडली नाही. तथापि, आपल्याला दिसत नाही म्हणून ती नाहीच, असा निष्कर्ष काढण्यास त्याने नकार दिला. प्राण्यांच्या शरीरात जशा झडपा असतात तशी काही योजना निसर्गाने येथेही केली असेल आणि अधिक चांगले यंत्र हाती आल्यावर एखादा चिकाटीचा निरीक्षक ती पाहील, असे त्याने लिहून ठेवले.

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास फार काळ लोटला. भिंतीच्या आतील बाजूस जिवंत पेशीला आणखी एक अत्यंत पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. भिंतीतून पाणी व त्यात विरघळलेले पदार्थ सहज जातात; आत कोणाला घ्यावयाचे व कोणाला नाही, हे पटलावर अवलंबून असते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. बाहेर मीठ दाट झाले, की पेशींतील पाणी पटलातून त्या बाजूस ओढले जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. फ्रान्समधील द्युत्रोशे याने 1820 नंतरच्या दशकात तिचा पद्धतशीर अभ्यास केला. शतकाच्या अखेरीस ओव्हर्टन याने असे दाखविले, की स्निग्ध पदार्थांत विरघळणारी द्रव्ये पेशीत लवकर शिरतात. तेव्हा पटलही स्निग्ध द्रव्याचेच असावे असा तर्क निघाला, आणि 1925 मध्ये त्या द्रव्याचे दोन थर असतात असे अनुमान पुढे आले. हे पटल इतके पातळ असते, की अशी सुमारे सव्वा लाख पटले एकावर एक रचावीत तेव्हा एक मिलिमीटर भरेल. हूकच्या यंत्राला ते दिसणे शक्यच नव्हते.

आणि त्याने शोधलेल्या वाटा? त्याही निघाल्या. 1879 मध्ये टांगल या शास्त्रज्ञाला काही बियांमध्ये पेशीच्या भिंतीतून आरपार गेलेले जीवद्रव्याचे बारीक धागे आढळले. त्या बियांत आपल्या कोकणात उगवणाऱ्या काजऱ्याचे बीही होते. पटलातून पाणी जाण्याचे खास मार्ग तर पीटर अ‍ॅग्रे याने 1992 च्या सुमारास सिद्ध केले. प्रथिनांच्या त्या अरुंद बोगद्यांतून पाण्याचे कण एकामागून एक रांगेने जातात. या शोधासाठी त्याला 2003 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पुन्हा हूककडे वळू. 1665 मध्ये त्याचा मायक्रोग्राफिया हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील आकृत्यांमागे त्याची स्वतःची रेखाटने होती. पिसवेचे चित्र तर घडी उलगडून पाहावे लागे, इतके मोठे होते. लंडनमधील सॅम्युएल पेपिस हा सरकारी अधिकारी तो ग्रंथ वाचताना रात्री दोन वाजेपर्यंत जागला. पुढच्याच वर्षी लंडनला भयंकर आग लागून सुमारे 13,000 घरे भस्मसात झाली. नगराच्या पुनर्रचनेसाठी मोजणीदार म्हणून हूकची नेमणूक झाली. दिवसा जळक्या जागांच्या हद्दी आखाव्यात आणि मग सोसायटीत प्रयोग करावेत, असा त्याचा क्रम होता. आगीच्या स्मरणार्थ उभारलेला 202 फुटी स्तंभ त्याने व रेन याने मिळून रचला.

1676 मध्ये डेल्फ्ट येथील लेव्हेनहूक या कापडविक्याने सोसायटीला कळविले, की पाण्याच्या थेंबात असंख्य सूक्ष्म जीव हिंडताना आपण पाहिले आहेत. कोणाचा विश्वास बसेना. शहानिशा करण्याचे काम हूककडे आले. पहिले प्रयत्न फसले. मग त्याने मिरी भिजविलेले पाणी केसासारख्या बारीक काचनळ्यांत भरले आणि 15 नोव्हेंबर 1677 रोजी ते जीव सभेला प्रत्यक्ष दाखविले. एका परक्या, इंग्रजी न जाणणाऱ्या व्यापाऱ्याचे म्हणणे अशा रीतीने मान्य झाले.

दुसऱ्याच्या श्रेयासाठी एवढे झटणारा हा पुरुष स्वतःच्या श्रेयाविषयी मात्र फार हळवा होता. न्यूटनशी त्याचा प्रथम 1672 मध्ये प्रकाशावरून वाद झाला. पुढे 1686 मध्ये, गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते ही कल्पना आपण न्यूटनला पत्रातून कळविली होती, असे हूक म्हणू लागला. कल्पना त्याने कळविली होती हे खरे. पण तिची गणिती सिद्धता न्यूटनची होती, हेही तितकेच खरे. हूकला केवळ कल्पनेवर हक्क सांगावासा वाटला आणि न्यूटनला तेवढेही मान्य करणे जड गेले. दोघेही थोर, पण या प्रकरणी मन कोणीच मोठे केले नाही.

1687 मध्ये त्याची पुतणी ग्रेस वारली. तिच्यावर त्याची अतिशय माया होती. त्यानंतर तो खचला. दृष्टी मंद झाली, पायांवर सूज आली, पाठीचे पोक वाढले. तरीही काम थांबले नाही. 3 मार्च 1703 रोजी ग्रेशॅम कॉलेजातील आपल्या खोलीत त्याने देह ठेवला. आयुष्यभर काटकसरीने राहिलेल्या या माणसाच्या लोखंडी पेटीत हजारो पौंड निघाले. मृत्युपत्र मात्र त्याने पुरे केलेले नव्हते. त्याच वर्षी न्यूटन सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि प्रकाशावरील आपला ग्रंथ त्याने 1704 मध्ये, हूकच्या पश्चात, प्रसिद्ध केला. हूकचे अप्रकाशित लेख त्याचा मित्र वॉलर याने 1705 मध्ये छापून काढले. ज्याने पिसवेचा केस न् केस रेखाटला, त्या हूकचे स्वतःचे खात्रीचे असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. मायक्रोग्राफियातील बुचाच्या कापाचे चित्र मात्र आजही पाहावयास मिळते.